काटी लावलेलं दार

पडद्यावर आपल्याच घराचं दार दिसलं तेव्हा माधुरी मुकणेच्या तोंडात चिक्की होती. शहापूरच्या कॉलेजातल्या त्या लांबड्या सभागृहात, मागच्या रांगेत, भाग्यश्रीने गुपचूप हातावर ठेवलेला तुकडा तिने नुकता दाढेखाली घेतला होता, आणि तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या हर्षितने रिमोटचं बटण दाबलं. चावायचं राहूनच गेलं. गूळ जिभेवर विरघळत राहिला आणि ती बघत राहिली. कारवीचा कूड, वरून शेणामातीचं लिंपण, डाव्या कोपऱ्यात सुटलेला पोपडा. हा पोपडा यंदा बुजवतो म्हणून बापाने गणपतीपासून सांगितलं होतं आणि बुजवला नव्हता, तो इथे एवढा मोठा होऊन भिंतभर पसरला होता. दाराला वेलीचा पीळ घातलेला, त्यावर बोरीची वाळकी काटी आडवी. आणि खाली ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘परित्यक्त घर, कातकरी वस्ती, ता. मुरबाड.’ परित्यक्त! शब्द तरी काय शोधून काढला होता. तिला हसू आलं, आणि हसू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला. शेजारी भाग्यश्री कानाशी कुजबुजली, “फोटो भारी आलाय ना गं?” माधुरीने मान डोलावली. मानेचं काय जातं, ती डोलते.

हर्षितला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. आटगावचा शेतकऱ्याच्या घरातला सरळ पोरगा, वर्गात कुणाच्या अध्यात ना मध्यात. संशोधन स्पर्धेसाठी देसले सरांनी त्यांचा गट केला तेव्हा हाच सगळ्यांत जास्त राबला. ‘शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आदिवासी वाड्यांचे स्थलांतर’ असा विषय. परीक्षा झाल्यावर हिवाळ्याच्या सुट्टीत बाकीची पोरं लग्नांत नाचत होती, तेव्हा हा कुणालीला आणि भाग्यश्रीला घेऊन जीपच्या मागे लटकत वाड्या-वाड्यांतून हिंडत होता. अहवालाच्या पहिल्या पानावर चौघांची नावं होती, आणि त्यात माधुरीचं होतंच. आधीची सगळी पानं तिने लिहिली होती, स्थलांतर म्हणजे काय, का होतं, कोणी काय म्हटलं आहे, ते सगळं. सर म्हणाले होते, काय सुंदर मांडलंयस गं. ती फक्त पाहणीला गेली नव्हती. घरी काम आहे म्हणाली होती, आणि ते अगदी खरं होतं. बापाच्या पायावर कच्च्या विटांची थप्पी कोसळली होती, आई आणि भाऊ पंकज वीटभट्टीवर दोघंच उरले होते. कालच्या संध्याकाळी ती पडघ्याकडून परतली, रात्री हॉस्टेलवर मेल्यासारखी झोपली, आणि हर्षितने केलेल्या स्लाइड तिने बघितल्याच नाहीत. म्हणजे गंमत बघा. ज्या दिवशी तिच्या गटाने तिच्या घराला परित्यक्त ठरवलं, त्या दिवशी त्या घरातली चारही माणसं भट्टीवर होती, बाप पाय बांधून, बाकीची तिघं गारा तुडवत, आणि त्यांतलं एक माणूस अहवालाच्या पहिल्या पानावर होतं.

हर्षित आता घराघरांचे फोटो दाखवत होता. त्याचा आवाज चांगला होता, खणखणीत. पाणी प्यावं तसं घटाघटा बोलत होता. पुढच्या रांगेत मुंबईहून आलेल्या परीक्षक अनिता मॅडम हनुवटीला पेन लावून ऐकत होत्या आणि अधूनमधून काहीतरी टिपत होत्या. माधुरीला मात्र शब्द ऐकू येईनासे झाले होते. तिच्या तळहातांची आग होत होती. ओल्या मातीने आणि तुसाने चामडी फाटली होती, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या. सकाळी भाग्यश्रीने विचारलं तेव्हा ती ‘थंडी’ म्हणाली होती. भट्टीवर गेलं की पहिले दोन दिवस माती थंडगार लागते, मग ती कशीच लागत नाही, मग रात्री खोपीत पडल्यावर सगळी एकदम लागते. आई साचा भरते, हाताने वरची माती निपटते, साचा उलटा करते, उचलते. खाली वीट. पुन्हा साचा. आईच्या बाजूला बसून थापताना दोघींचा हात एका तालात यायला लागतो, आणि मग बोलायची गरज राहत नाही. त्या सुट्टीत ती आईशी फारसं बोलली नव्हती. आईने एकदाच विचारलं, “तुजा तो अभ्यास कसला हाय गो?” माधुरीने सांगितलं, “माणसं गाव सोडून का जातात, त्याचा.” आईने साचा उचलला, वीट बघितली, आणि म्हणाली, “यवढं शिकायला कालेजात जायला लागतं?” त्यावर दोघी इतक्या हसल्या की पलीकडच्या फडावरचा मालू ओरडला, “काय गो, कंची मिठाई खाल्ली?”

दार कसं बंद करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. दिवाळी झाली, भात कापून झालं, की वाडीत एकदम लगबग. आई घर सारवून घेते, परत कोण बघणार नसलं तरी. चुलीच्या तीन दगडांवर मडकं पालथं घालते. बियाण्याचा भोपळा आढ्याला टांगते. मग बाप बाहेर येऊन दार ओढून घेतो, वेलीने बांधतो, आणि बांधावरची बोरीची काटी आणून त्यावर लावतो. शेळ्या-कुत्र्यांनी आत जाऊ नये म्हणून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. काटी लावली की घर राखलेलं. त्याला कुणी हात लावत नाही. कुलूप आणायला कुणी मुरबाडला गेलं नाही, कारण कधी लागलंच नाही. घर सोडून देतात ते निराळं. एखाद्या घरात पाठोपाठ माणसं गेली, किंवा कुणी सासुरवाडीला कायमचं जाऊन राहिलं, तर तो आधी दार काढतो. दार, चौकट, मेढी, जे लाकूड कामाचं ते सगळं डोक्यावर घेऊन जातो. फुकटचं लाकूड मागे ठेवायला तो काय येडा आहे? ओसाड घराला दार नसतं. एवढी साधी गोष्ट. माधुरीला ती इतकी साधी वाटत होती की कुणाला ती माहीत नसेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आश्रमशाळेत असताना एकदा ती नाताळच्या सुट्टीत घरी आली होती. पाचवीत असेल. गुरुजींनी मुरबाड नाक्यावर जीपमध्ये बसवून दिलं, फाट्यापासून ती चालत आली, पाठीवर पत्र्याची पेटी. वाडीत चिटपाखरू नव्हतं. दुसरी कुणी पोर असती तर रडून गाव गोळा केला असता, पण गोळा करायला गाव होता कुठे! माधुरी दाराजवळ गेली, काटी बघितली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. काटी आहे म्हणजे सगळं ठीक. तिने वळचणीला हात घातला. पळसाच्या पानात बांधलेले भाजलेले चिंचोके होते. आईला माहीत होतं, पोरगी येईल. ती अंगणात बसून चिंचोके फोडत राहिली, ऊन पाठीवर घेत. तेव्हा म्हातारी भिमी वाडीत मागे राहायची, ती लाकडाची मोळी घेऊन आली आणि म्हणाली, “आलीस का? तुजी आये पडघ्याला हाय. उद्या जीप मिळंल.” यंदा भिमीलाही नातवाने भट्टीवर नेली, डोळ्यांनी दिसत नाही म्हणून. म्हणून तर पाहणीला गेलेल्या गटाला वाडीत सांगायला कुणीच भेटलं नाही.

“निष्कर्ष,” हर्षित म्हणाला, आणि तो शब्द मात्र तिला ऐकू आला. पडद्यावर ओळी आल्या. वस्ती कायमची विस्थापित झालेली दिसते. पुढील पाहणीतून आणि पाणीपुरवठ्याच्या शिफारशीतून वगळावी. माधुरीने चिक्की गिळली. ती घशात खरखरत खाली गेली. हा अहवाल तालुक्याला जाणार होता. देसले सरांनीच अभिमानाने सांगितलं होतं, पोरांनो, नुसतं बक्षीस नाही, तुमचं काम साहेबांच्या टेबलावर जाणार. आणि वाडीतल्या बाया परतल्या की अजून ओढ्याच्या वाळूत डवरा उकरून, वाटीवाटीने पाणी भरायच्या. नळ मागून मागून त्यांची तोंडं दुखली होती. आता साहेब म्हणणार, तिथे माणूसच नाही, नळ कुणासाठी? आणि तसं सांगणाऱ्यांत पहिल्या पानावर नाव कुणाचं? मुकणे माधुरी लखमा.

उठून बोलायचं, एवढंच तर होतं. पण ती बसून राहिली. गेली इतकी वर्षं तिने एकच गोष्ट जिवापाड जपली होती, आपली वाडी कोणती ते कुणाला कळू दिलं नव्हतं. गटात पाहणीच्या वाड्यांची यादी वाचली तेव्हाही तिच्या वाडीचं नाव आलं, आणि ती मिठाची गुळणी धरून बसली. लाज नव्हती. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं ती कातकरी आहे. हॉस्टेल, शिष्यवृत्ती, कशाचीच चोरी नव्हती. पण या पाहणीच्या आधी वाडीत किती जण आले होते. पोरांची वजनं करणारे, दात मोजणारे, ‘तुम्ही उंदीर खाता का’ विचारून हसणारे. सगळे लिहून घेऊन गेले. एकदा एका बाईने आईच्या हाताचा फोटो काढला होता, नुसत्या हाताचा, तोंडाचा नाही. तेव्हा माधुरीने ठरवलं होतं, आपण लिहून घेणाऱ्यांत बसायचं. ज्याच्याबद्दल लिहितात त्याच्यात नाही. आता उठली तर हे सगळे तिच्याकडे वळून बघणार, आणि ती विषय होणार. मॅडम विचारतील, किती भावंडं, काय खाता. देसले सर हळवे होतील. सर हळवे झाले की फार वेळ हळवे राहतात. आणि नाही उठली तर? तर आई, बाप, पंकज, भिमी, मालू, सगळे या सभागृहातून हळूच निघून जातील, कायमचे, आणि कुणाला काहीच जाणवणार नाही. तिने तळहात एकमेकांवर घासले. आग झाली. बरं वाटलं.

“काही प्रश्न?” हर्षितने विचारलं. जेवणाची वेळ झाली होती, स्वयंपाकघरातून रश्शाचा वास येत होता, प्रश्न विचारणाऱ्याला पोरांनी फाडून खाल्लं असतं. अनिता मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलला.

“चुकलंय ते,” माधुरी म्हणाली. आवाज घोगरा आला. ती उभी होती. कधी उभी राहिली ते तिचं तिला कळलं नाही. “ते घर सोडलेलं नाही.”

सगळं सभागृह वळलं. वळणार हे माहीतच होतं. पण बघा, वळल्यावर तेवढं काही झालं नाही. छतावरचे पंखे तसेच फिरत होते.

“आपण त्याच गटातल्या ना?” मॅडमनी कागद चाळला. “मग हे कसं?”

“मी पाहणीला नव्हते. घरी काम होतं.” ती थांबली. “ते घर माझं आहे.”

भाग्यश्रीने तोंडावर हात ठेवला. हर्षितच्या हातातला रिमोट तसाच राहिला. देसले सर खुर्चीत अर्धे उठले आणि परत बसले. माधुरीने एका दमात सांगितलं, काटी कशाला लावतात, दार कधी काढतात, वाडी कुठे जाते आणि कधी येते. एकदा बोलायला लागल्यावर तिला आपला आवाज ओळखीचा वाटू लागला. हर्षित खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली. “आम्हाला का नाही सांगितलंस?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

“मला वाटलं, तुम्ही मला पण फोटोत घ्याल,” ती म्हणाली.

अनिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पण हे पडताळायचं कसं? संशोधनात कुणीतरी म्हणतंय म्हणून चालत नाही. ही माणसं आत्ता आहेत कुठे?”

दुसरं कुणी असतं तर दुखावलं असतं. माधुरीला उलट हुरूप आला. हा प्रश्न विषयाला विचारायचा नव्हता, संशोधन करणाऱ्याला विचारायचा होता. तिने मोबाइल काढला. भाऊ पंकजने बटणांचा जुना फोन आईच्या कमरेला बांधून ठेवला होता, आणि ही भाकरी खायची वेळ. घंटी वाजत राहिली. भाग्यश्रीने धावत जाऊन पुढचा माइक आणला आणि फोनच्या तोंडाशी धरला.

“कोन हाय?” आईचा आवाज सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून आला. “माधे? काय झालं गो? ताप आला का?”

“नाय आये, बरी हाय. इथं कालेजात मॅडम हायेत. ते विचारतात, आपली वाडी रिकामी झाली का? घर सोडलं का आपन?”

“कोन बोल्ला सोडलं?” आईचा आवाज चढला. “त्याच्या तोंडात शेण! काटी लावून आलोय. बियानं टांगलंय. जेठात जाऊन पेरायचं नाय का? सोडलं म्हनं!”

पोरं खदखदून हसली. हर्षितही हसला, कानापर्यंत लाल होऊन. मॅडम उठून मागच्या रांगेपर्यंत आल्या, माइकजवळ वाकल्या. “नमस्कार, मी अनिता. मीच विचारलं. तुमच्या वाडीत कुणी दिसलं नाही, म्हणून.”

“बाय, तुमी मुंबयच्या?”

“हो. म्हणजे, राहते मुंबईत. गाव कोरेगावकडचं. साताऱ्याला.”

“तिकडं घर हाय?”

“आहे ना. वडिलांनी बांधलेलं.”

“आता कोन ऱ्हातं त्यात?”

“कुणी नाही. बंद असतं. सणाला जातो आम्ही.”

“मंग रिकामं म्हनू का आमी?”

अनिता मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मग त्या मोकळ्या हसल्या. “नका म्हणू, बाईजाताई. आमचंच आहे ते.” त्यांना आईचं नाव कसं कळलं? पडद्यावर नव्हतं, हर्षितने घेतलं नव्हतं. माधुरीने तरी कधी उच्चारलं? मग लक्षात आलं, मघाशी एका दमात सांगताना तिने सगळी नावं घेतली होती. आईचं, बापाचं, पंकजचं. आणि मॅडमनी ते टिपून घेतलं होतं.

“तेच तर,” आई म्हणाली. “माधे, जेवलीस का? ठेव मंग. भाकर गार व्हते.” आणि फोन कट्‌ झाला. आईच्या लेखी परिसंवाद संपला होता.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, येऊ दिलं. आनंद झाला होता, सरळ सांगायचं तर. छाती भरून आली होती. हर्षित पायऱ्या उतरून मधल्या वाटेने तिच्यापर्यंत आला, आणि रिमोट पुढे केला. “तू सांग,” तो म्हणाला. “फोटो मी काढलेत, पण मला ते कळले नाहीत. सगळ्या वाडीचे आहेत. तू सांग.” ती त्याच्याबरोबर पुढे गेली. तिने हर्षितला म्हटलं, “बटण तूच दाब रे, मी बोलते.”

तिने माइक हातात घेतला. फाटलेला तळहात, सगळ्यांना दिसेल असा. “नमस्कार. मी माधुरी मुकणे. आमच्या निष्कर्षात चूक आहे, ती आम्ही आत्ता दुरुस्त करतोय. ही माणसं गेलेली नाहीत, कामाला गेलीत. पाहणी आपण आपल्या सुट्टीत केली, आणि आपली सुट्टी त्यांच्या हंगामात येते. पावसाळ्यात जा, एकेका घरात बसायला जागा मिळायची नाही. आणि कुणाला तेवढा धीर नसेल, तर उद्या भट्टीवर चला. वाट मी दाखवते.” मग ती पडद्याकडे वळली आणि हर्षितने बटण दाबलं. “हे मालूचं घर. मालू आत्ता आमच्या शेजारच्या फडावर आहे, त्याची बायको बाळंत होऊन दोन आठवडे झालेत, मुलगी झाली. हे भिमीचं. तिला दिसत नाही, पण भट्टीवरच्या सगळ्या पोरांना ती सांभाळते. हे माझ्या काकाचं, तो भिवंडीकडे, या वेळी दुसऱ्या भट्टीवर.” बटण. दार. बटण. दार. प्रत्येक काटीमागून एकेक माणूस बाहेर येत होतं, आणि पोरं मान लांब करून बघत होती. एका फोटोवर ती थांबली. चौकट उपटलेली, आत नुसता अंधार. “हे मात्र बरोबर आहे,” ती म्हणाली. “हे सोडलेलं. बघा, दार नाही. यांचा मुलगा नाशिकला गेला, सासऱ्याकडे, लाकूड घेऊन गेला. हे आपल्या अहवालात राहू द्या.” अनिता मॅडमनी भराभर लिहिलं. देसले सर रुमालाने चष्मा पुसत होते, पुसतच होते. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. शिपाई दुसऱ्यांदा घंटा वाजवणार, तेवढ्यात मॅडमनी मागे न बघताच हात वर केला. “वाजवू नका, तिला बोलू द्या.”

तशी ती थांबणारही नव्हती.